मला क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर व्हायचंय. कोणता कोर्स करू? आणि फोटो सोडून घटनास्थळी खरं काम काय असतं?

कोर्सचं शेवटी सांगतो. आधी तुमच्या त्या ‘फोटो सोडून’कडे येतो. खाली तुम्ही लिहिलंयही, की फोटो काय, आता कोणीही काढतं. हे वाक्य मी वीस वर्षं आमच्याच घरात ऐकतोय. म्हणूनच लिहायला बसलो.

ठाण्यात, नौपाड्याला भाऊजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, बारशी, लग्नं आणि अधूनमधून पोलिसांची कामं. हवालदार दारात येऊन ‘चला’ म्हणाला की बॅग खांद्याला. बिल सहा-आठ महिन्यांनी पास व्हायचं, तेही कापून. त्यामुळे पोलिसांच्या कामाला भाऊजी फिल्म मोजून द्यायचे.

२००१ च्या जुलैत असंच सकाळी बोलावणं आलं. खाडीपलीकडची चाळ, रात्रभर धो धो पाऊस, एकटे राहणारे एक म्हातारे गृहस्थ खोलीत मरून पडलेले, डोक्याला मार. निघताना भाऊजींनी बजावलं, “आठ काढ. नववा नको. संध्याकाळी चरईत साखरपुडा आहे, उरलेला रोल तिकडे लागेल.” छत्तीसचा रोल. आठ मयताचे, अठ्ठावीस साखरपुड्याचे.

मी पोचलो तेव्हा मोठे साहेब यायचे होते. एक जमादार, एक शिपाई आणि अख्खी चाळ. प्रत्येक जण एकदा आत डोकावून गेलेला. मी उंबरठ्यापाशी थबकलो. दाराच्या आतल्या कडीचा कोयंडा एका स्क्रूवर लोंबत होता आणि खाली लाकडाच्या ताज्या ढलप्या पडल्या होत्या. त्या ढलप्यांवर चिखलाची पावलं होती. ढलपी खाली, चिखल वर. म्हणजे चाळ गोळा व्हायच्या आधीच कोयंडा उपटलेला होता. मी काही शेरलॉक नव्हतो, तेविशीतला पोरगा होतो. पण लग्नात रांगोळीवरून पाय कुणाचा गेला हे बघायची सवय होती, तशीच ही नजर.

मी वाकून फोकस करतोय तोच जमादार म्हणाले, “दाराचं काय बघतोस, बॉडी घे.” बॉडी घेतली. चेहरा, जखम, खोली दोन बाजूंनी, बाहेरून घर. काउंटरच्या खिडकीत आठचा आकडा आला. परत दारापाशी आलो, बटणावर बोट ठेवलं, साखरपुडा आठवला आणि लेन्सला टोपी लावली.

दहा मिनिटांत साहेब आले. त्याआधी कुणीतरी, साहेब येतायत म्हणून, उंबरठ्यावर खराटा मारला होता.

पंचनाम्यात आलं ते एवढंच, ‘आतील बाजूचा कोयंडा निखळलेल्या स्थितीत’. ढलप्यांचा उल्लेख नाही, चिखलाचा नाही. कच्च्या नकाशात दार म्हणजे एक तिरकी रेघ.

२००५ मध्ये कोर्ट नाक्यावर साक्षीला उभा राहिलो. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, पाच मिनिटांत आटपला. हे फोटो मी काढले, या निगेटिव्ह माझ्या, फोटोंना निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर, पडली. मग उलटतपास. बचावाचं म्हणणं असं, की दार उघडंच होतं, कोयंडा पोलिसांनी नंतर उपटला आणि घरफोडीचा देखावा केला. तोवर दोन्ही पंच फितूर झाले होते.

“दाराचा फोटो आहे?”
“नाही. पण मी बघितलं होतं.” आणि ढलप्यांचं सांगायला लागलो.
“हे पोलिसांना दिलेल्या जबाबात आहे?”
नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.
“रोल संपला होता?”

मी गप्प. वकिलांनी निगेटिव्हची पट्टी खिडकीकडे धरली. पट्ट्या सहा-सहाच्या कापतात, हे स्टुडिओवाल्यांना माहीत असेल. दुसऱ्या पट्टीत दोन फोटो मयताचे आणि पुढचे चार नवरीचे. वकील न्यायाधीश साहेबांना म्हणाले, “यात एक नवरी दिसतेय.” कोर्टात हशा झाला. मी कबूल केलं, की रोल शिल्लक होता.

आरोपी सुटला. माझ्यामुळे सुटला असं म्हणत नाही, त्या केसमध्ये इतरही भोकं होती. पण तो हशा अजून कानात आहे. चरईची मंडळी त्या चार निगेटिव्हसाठी कितीतरी वर्षं स्टुडिओत खेपा घालत होती. त्यांना काय सांगणार, की तुमची मुलगी मुद्देमालात आहे?

भाऊजींचं म्हणणं आजही तेच, “आपल्याला आठ सांगितले, आपण आठ दिले. तपास करणं पोलिसांचं काम, आपलं नाही.” दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा विषय निघतो आणि ताई उठून आत जाते. अहो, पण आठ पोलिसांनी सांगितलेच नव्हते, तुम्ही सांगितले होते!

तर तुमचं ‘खरं काम’. बघणं आणि बघितलेलं जागच्या जागी पकडून ठेवणं, हेच खरं काम. बाकी सगळं त्यावर उभं. आधी लांबून, म्हणजे ही जागा चाळीत कुठे आहे ते कळावं. मग मधल्या अंतरावरून, वस्तू एकमेकींपासून किती लांब आहेत ते दिसावं. मग जवळून, आणि जवळचा प्रत्येक फोटो दोनदा काढायचा: एकदा जसं आहे तसं, एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून. मोजपट्टीशिवाय काढलेल्या पावलाच्या ठशाला आकारच नसतो, तो सहा नंबरचाही असू शकतो आणि दहाचाही. कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, काटकोनात. तिरका धरलात तर माप बिघडतं. फ्लॅश मात्र बाजूने, जमिनीलगत, म्हणजे खाचांत सावली पडून ठसा उठून दिसतो. समोरून फ्लॅश मारला की सगळं पांढरंफटक.

आणि हे सगळं कुणी काही उचलायच्या आधी. एकदा भांडं हललं की ते पुन्हा ‘तिथेच’ ठेवता येत नाही, कितीही जपून ठेवा. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे, प्लॅस्टिकमध्ये नाही. ओल कोंडली की बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. एवढ्याने मुंबईत कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळेतल्या लोकांचे शिव्याशाप वाचतात.

भाऊजी म्हणतात, आता मोबाइल आले, तुझं भांडण निकालात निघालं. काही निघालं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, आणि कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं असतं. चांगलंच आहे. पण चित्रीकरण सुरू करायच्या आधी खराटा फिरला तर काय चित्रीत करणार? आणि फोटो डिजिटल झाला म्हणून कोर्ट डोळे मिटून घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर डिजिटल पुराव्यासोबत त्याचं प्रमाणपत्र लागतंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. फोटो व्हॉट्सअॅपवर ढकलला की फाइल बदलते, हॅश जुळत नाही. म्हणजे माझ्या वेळची निगेटिव्हची पट्टी नुसती नाव बदलून आलीय. फरक एवढाच, की तिच्यात नवरी सापडणार नाही.

एक सांगायचं राहिलं. मी फॉरेन्सिकचा माणूस नाही, कॅमेरावाला आहे. २००९ मध्ये स्टुडिओ बंद झाला आणि तेव्हापासून मी माजिवड्याला झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवतो. आजच्या फॉरेन्सिक व्हॅनमध्ये काय काय असतं ते तिथल्या माणसाला विचारा.

आता कोर्स. आपल्याकडे मालिकांत दिसतो तसा सगळं एकट्याने करणारा ‘क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर’ नसतो. तपास अधिकारी वेगळा, ठसेतज्ज्ञ वेगळे, श्वानपथक वेगळं, प्रयोगशाळेचे लोक वेगळे. प्रयोगशाळेत जायचं असेल तर विज्ञान घ्या. मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजेच फॉरेन्सिक) संस्था आहे, गांधीनगरला राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ आहे. तपास स्वतः करायचा असेल तर पोलीस भरती किंवा एमपीएससी. तीन महिन्यांत सर्टिफिकेट देणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. त्या पैशांत एक सेकंडहँड कॅमेरा आणि पंधरा सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि महिनाभर रोज स्वयंपाकघराच्या ओट्याचे फोटो काढा, भांडी घासायच्या आधी. मग ते फोटो घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि रात्री शेवटचा कप कुणी ठेवला ते ओळखायला सांगा.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. ताईने लिंक पाठवलीच असणार. रविवारी येतोय. तो काउंटर आठवर अडकला नव्हता, मी अडकलो होतो, एवढं मान्य. पण आठचा आकडा तुमचाच.