किराणा पोचवताना अपघात: कंपनी राहू द्या, आधी 13 जुलै सांभाळा

प्रश्न (20 जून): पुण्यात एका ॲपच्या किराणा ऑर्डर मी स्वतःच्या स्कूटरवरून पोचवतो. 14 जानेवारीला ऑर्डर नेताना टेम्पोने उडवलं, उजव्या पायात रॉड आहे. गुन्हा नोंदलाय. टेम्पोमालकाने वीस हजार देऊन स्टँपपेपरवर सही घेतली. कंपनी म्हणते, तुम्ही नोकर नाही, पार्टनर आहात. कंपनीवर केस करता येईल का?

डिलिव्हरीवाली मुलं हाच प्रश्न विचारतात, आणि नोकर की पार्टनर या वादात महिने घालवतात. तुमचे पाच गेले. टेम्पोच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) ने अपघातापासून सहाच महिने दिलेत. 1 एप्रिल 2022 पासून ही मुदत लागू आहे. तुमचा दावा 13 जुलैच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल झालाच पाहिजे. मुदतीला आव्हान मिळालंय आणि केवळ उशिरावरून दावे फेटाळू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलंय, हे खरं. पण तो अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर बसू नका.

रॉड निघाल्यावर अपंगत्वाचा दाखला मिळेल, मग केस करू, असं बहुतेकांचं चालतं. इथेच घात होतो. दाखला नंतर जोडता येतो. आत्ता एफआयआर, पंचनामा, टेम्पोचं आरसी आणि विमा पॉलिसी, तुमचं लायसन्स, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं एवढ्यावर दावा दाखल करा. पोलिसांनी न्यायाधिकरणाला अपघाताचा सविस्तर अहवाल, म्हणजे डीएआर, पाठवलाय का, हे ठाण्यात विचारा. पाठवला असेल तर कायद्याने तोच अर्ज धरता येतो. तरी स्वतःचा दावा टाकाच. तुम्ही मूळ गावी परत गेला असाल तर तिथल्या जिल्ह्यातही टाकता येतो.

ॲपमधली आठवड्याची पेआउट स्टेटमेंट आजच डाउनलोड करा. बरेच दिवस लॉगिन नसलं की आयडी बंद होतो आणि उत्पन्नाचा पुरावा हातचा जातो. तो किती मोलाचा आहे ते पाहा: महिना 15,000 धरले, कमाईची क्षमता 10 टक्के घटली, वय 25 पर्यंत असेल तर गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला वयानुसार गुणायचा आकडा, 18. एवढ्याने 3,24,000 होतात. उत्पन्नातल्या भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले गेले तर 4,53,600. औषधोपचाराचा खर्च वेगळा. आणि तुम्ही वीस हजारांवर सही करून आलात! त्या कागदाने दावा बुडेलच असं नाही, पण विमा कंपनी तो पुढे करणार. रक्कम लपवू नका, दाव्यात नमूद करा.

तुमच्या स्कूटरच्या दुरुस्तीचं कठीण आहे. खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर वगळलेला असतो. टेम्पोविरुद्धच्या दाव्याला मात्र त्याने बाध येत नाही. पॉलिसीतलं मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच हाड मोडल्याला लागत नाही, त्याला मृत्यू, अवयव किंवा दृष्टी गमावणं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व लागतं.

कंपनीचं म्हणाल तर, 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत किराणा पोचवणारी ॲप्स येतात. त्यांनी कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत वर्गणी भरायची आहे. त्यातून तुमच्या अपघाताला थेट काही मिळेल, असं आज म्हणवत नाही. असंघटित कामगारांच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. कंपनीची गट अपघात विमा पॉलिसी असेल तर ऑर्डर क्रमांक आणि वेळेसह आजच ईमेलने कळवा. फोनवर कळवलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.