नरकचतुर्दशीची मिसळ

प्रश्न: काकू, नमस्कार. आम्ही दोघं दीड वर्षापूर्वी पाथर्डी फाट्याला राहायला आलो. ह्यांची नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, मी शाळेत शिकवते. सासर गुहागरजवळ, माहेर अमरावतीचं. लग्नानंतरच्या सहाही दिवाळ्या गुहागरला झाल्या. पहिल्या दिवशी पहाटे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि मग सगळ्यांनी पंगतीत बसून पोहे खायचे. दूधपोहे, दहीपोहे, नारळाच्या रसातले गुळाचे, फोडणीचे आणि बटाट्याचे. घरात चौदा माणसं, करायला सासूबाई आणि आम्ही तिघी जावा. इथे आल्यावर ह्यांना दिवाळीची दोनच दिवस सुट्टी मिळाली, म्हणून जाणं झालं नाही. अभ्यंगस्नान झालं, पण एकटीनं पाच प्रकार करायचा इतका कंटाळा आला, की आम्ही गाडी काढून मखमलाबादकडे मिसळ खायला गेलो. मी हौसेनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी ‘बरं’ एवढंच लिहिलं आणि भाऊबीजेपर्यंत फोन केला नाही. आता हे म्हणतात, यंदा सगळं रीतसर करू. मी विचारलं, करणार कोण? आमच्या माहेरी लक्ष्मीपूजनाला सांबारवडी असते, ती राहूनच जाते. आमचं चुकलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: चुकलं असेल तर फोटोच्या वेळेचं. तुम्ही रश्श्याची दुसरी वाटी मागवत होतात, तेव्हा गुहागरला तुमच्या सासूबाई पिळलेल्या खोबऱ्याचा चोथा बाजूला करून पाचवं पातेलं उतरवत असणार. अशा घटकेला मिसळीचा फोटो आला की माणूस ‘बरं’च लिहितं. मिसळ खाण्यात मला स्वतःला काडीचं गैर दिसत नाही. ती पाडव्याच्या सकाळी न्या. पिंपळपारावरची पाडवा पहाट ऐकून उठलं की भूकही कडकडून लागलेली असते.

मी 1982 साली लग्न होऊन सोलापूरहून ओझरला आले, एचएएलच्या टाउनशिपमध्ये. विमानांचा कारखाना तिथे 1964 पासूनचा, त्यामुळे कॉलनीत देशभरची माणसं. पहिल्या दिवाळीला आईला अंतर्देशीय पत्र टाकून पुरणाचं माप विचारलं. उत्तर आलं, ‘दोन शेर डाळ, तितकाच गूळ.’ तिच्याकडे अठरा पानं उठायची, हे तिच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. मी शहाणपणा करून एकच शेर घातली. म्हणजे किलोला थोडीशीच कमी! पातेलंभर पुरण झालं, खाणारी तोंडं दोन, घरात फ्रिज नाही. रात्री जेवताना आम्ही एकमेकांकडे बघून आधी हसलो आणि मग मी रडले. पुरणासाठी नव्हे. पानं दोनच मांडलीत हे तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून शेजारच्या ओडिया वहिनींकडे दिला. त्यांनी तो ठेवूनच घेतला. मला वाटलं, डबा गेला. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तो परत आला, आत चार पांढरे गरम गोळे. मांडा पिठा! तांदळाच्या उकडीत खोबरं आणि गूळ भरून वाफवलेला, म्हणजे कळ्या न पाडलेला आपला मोदकच. (खानदेशी मांडे निराळे, नाव तेवढं जवळचं.) त्यांच्याकडेही मार्गशीर्षातले गुरुवार लक्ष्मीचेच, हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षापासून माझ्या शेवटच्या गुरुवारच्या नैवेद्यात मांडा असतो. आई 1986 मध्ये आली तेव्हा कपाळाला आठी घालून तिनं एक खाल्ला, म्हणाली, ‘वेलदोडा कमी पडलाय.’ आणि दुसरा मागून घेतला.

आता तुमचे पोहे. कोकणात दिवाळीला पोहे होतात, कारण त्या सुमारास भात कापून झालेला असतो. नव्या भाताचे पोहे कांडायचे, आधी देवापुढे ठेवायचे, मग घरानं खायचे. मुळात मान नव्या धान्याचा. पाच प्रकार हा चौदा तोंडांचा हिशेब, कुणाला गोड हवं, कुणाला तिखट. नवं धान्य नाशिकलाही येतंच की. इगतपुरी-त्र्यंबकचा पट्टा भाताचा आहे, घोटीला भाताच्या गिरण्या आहेत. दिवाळी लवकर आली तर आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतं, पण एखाद्या रविवारी घोटीला जाऊन पाच किलो नवा तांदूळ आणा आणि पहिल्या दिवशी वाटीभर मऊ भात लावा. पोहे एकाच प्रकारचे करा, नारळाच्या रसातले. ते ह्यांनी करायचे. नारळ खवण्यापासून, आणि पुन्हा खवणी धुण्यापर्यंत! दोघांना अर्धा नारळ पुरतो. गूळ रसात आधी विरघळवून घ्यायचा आणि भिजवलेले जाडे पोहे अगदी पानं वाढताना घालायचे, नाहीतर त्यांचा लगदा होतो. मापाचं मात्र सासूबाईंना फोन करून ह्यांनीच विचारावं. त्या चौदा माणसांचं माप सांगतील, ते ऐकून घ्यावं. कोकणातून कुणी येणार असेल तर दोन कारिटं पाठवायला सांगा. तुळस कुंडीत असली म्हणून काही बिघडत नाही, बाल्कनीची फरशी पुसून घ्यायची तयारी ठेवा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुहागरचे पाच पोहे तुम्ही एकेक करून नावानिशी लिहिलेत आणि सांबारवडी शेवटच्या ओळीत, ‘राहूनच जाते’ म्हणून. सहा वर्षं गुहागर, सातव्या वर्षी मिसळ, आणि ह्यांचं ‘रीतसर’ म्हणजे पुन्हा गुहागरच. अमरावतीची दिवाळी ह्यात कुठे आहे? ह्यांना मुद्दाम टाळायचं असेल असं मला वाटत नाही. चौदा माणसांच्या घरात धाकट्या सुनेच्या माहेरचा पदार्थ मध्ये शिरायला जागाच नसते. दोघांच्या घरात ती आहे. तेव्हा लक्ष्मीपूजनाची रात्र तुमची.

सांबारवडी न खाल्लेल्यांसाठी सांगते. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. (नाशिकच्या भाजीवालीला सांबार मागू नका, ती इडलीच्या दुकानाचा पत्ता देईल.) जुड्या निवडून, धुऊन पंचावर रात्रभर पसरून ठेवायच्या. पाणी राहिलं की वडी तळताना फुटते आणि कढईभर पालापाचोळा तरंगतो. मी एकदा केलंय. सारणात सुकं खोबरं, खसखस, तीळ, लसूण आणि गोडा मसाला. बेसन-कणकेची पारी लाटून तिला आतून चिंचेचं पाणी लावायचं, सारण भरून पुडीसारखं दुमडायचं आणि मंद आचेवर तळायचं. सोबत कढी. दोघांना आठ वड्या खूप झाल्या. सोळा करा, चार खालच्या मजल्यावर द्या, उरलेल्या चार दुसऱ्या दिवशी गारच चांगल्या लागतात.

आणि एखादं वर्ष ह्यांची रजा जमली तर गुहागरच्या आधी नाशिक रोडहून रात्रीची अमरावती एक्सप्रेस पकडा. सकाळी आईच्या दारात.

प्रश्न: दोघांपुरता फराळ विकत आणला तर चालेल का? सासूबाई विचारतात, ‘घरी काय केलंस?’
– इंदिरानगर

उत्तर: चालेल. चिवडा तर नाशिकचाच आणा, बाहेरगावचे पाहुणेही जाताना तोच नेतात. घरी एकच जिन्नस करा, तुम्हाला हमखास जमणारा, आणि त्यांनी विचारलं की तेवढ्याचंच नाव सांगा. माझ्याकडे गेली अकरा वर्षं ते नाव शंकरपाळे आहे.