वाचक विचारतात : डिफेंडर उशिरा पिकतो

मागच्या अंकात मुंबईच्या फुटबॉल मैदानांवर दोन पानं आली आणि संपादकांनी माझ्याकडे पत्रांचा गठ्ठा सरकवला. बरीचशी पत्रं डिफेंडरांची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची. बरं वाटलं. मी एका सरकारी बँकेच्या टीममधून स्टॉपर, म्हणजे सेंटर बॅक, गोलसमोरचा मधला डिफेंडर खेळलो, कूपरेज मैदानाच्या पावसाळी चिखलात मनसोक्त लोळलो, आता संध्याकाळी परळला पोरांना शिकवतो. फॉरवर्ड मंडळींबद्दल माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, बारावीला. सेंटर बॅक खेळतो. त्याचे मित्र गोल करतात, त्यांचे व्हिडिओ फिरतात, ट्रायललाही तेच निवडले जातात. त्याचे सर म्हणतात, त्याला पुढे खेळवू या. काय करावं? — एक आई, लालबाग

ताई, सरांचा मान राखून सांगतो, हलवू नका. त्याला स्वतःलाच पुढे खेळायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण व्हिडिओ फिरत नाहीत म्हणून कुणी जागा बदलू नये.

डिफेंडरची कारकीर्द उशिरा सुरू होते आणि उशिरा संपते. अठरा वर्षांच्या फॉरवर्डने तीन संधी घालवल्या तरी चौथीच्या आशेवर कोच त्याला आत ठेवतो. अठरा वर्षांच्या स्टॉपरने एकदाच चुकीच्या वेळी पाऊल टाकलं की गोल बसतो, आणि दुसऱ्या दिवशी क्लबच्या मालकाला उत्तर कोचला द्यावं लागतं. म्हणून त्या जागेवर कोचला पिकलेला माणूस लागतो. पिकायला मॅच लागतात, आणि मॅच मिळायला आधी कुणीतरी विश्वास टाकावा लागतो. या चक्रात चार-पाच वर्षं सहज जातात. मुंबईतली बरीच चांगली पोरं त्या चार-पाच वर्षांतच खेळ सोडतात.

आपल्याच मुंबईच्या राहुल भेकेचं बघा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, मग बंगळुरू असा तो फिरला. 17 मार्च 2019 ला अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल होती, बंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही, जादा वेळही संपत आला, आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने हेडर मारून कप जिंकून दिला. तेव्हा तो 28 वर्षांचा होता. भारताकडून पहिली मॅच तो त्यानंतर, त्याच जूनमध्ये, किंग्ज कपला खेळला. 2024 च्या मे महिन्यात मुंबई सिटीने कोलकात्यात जाऊन मोहन बागानला 3-1 हरवलं, तेव्हा कॅप्टन होता भेकेच, वय 33. त्या वयात विंगवर पळणारे बरेच जण बूट टांगून ठेवतात.

आता ट्रायलचं. वीस मिनिटांच्या ट्रायलमध्ये चांगल्या डिफेंडरकडे दाखवायला काहीच नसतं. तो योग्य जागी उभा असतो म्हणून बॉल त्याच्याकडे येतच नाही, आणि निवडणाऱ्याच्या वहीत त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही. यावर माझ्याकडे उपाय आहे. मुलाला सांगा, पहिल्या मिनिटापासून बोलायचं. ‘वर चढा’, ‘डावीकडे’, ‘मागे माणूस’, बाजूच्या मैदानाला ऐकू जाईल इतकं. निवडणारा वळून बघतोच. पहिला हवेतला बॉल काहीही करून आपला. आणि बॉल मिळाला की तो शेजाऱ्याला न टोलवता दोन माणसांच्या मधून पुढे द्यायचा. व्हिडिओ पाठवायचा तर टॅकलचे तुकडे जोडून त्यावर गाणं लावू नका. एखादी अख्खी मॅच, न कापता, गॅलरीच्या उंचीवरून काढलेली, एवढंच पाठवा. बॉल दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा आहे, हे जाणकार माणसाला तिथूनच दिसतं.

पुढे खेळवण्याचाही एक दाखला देतो, नाहीतर सर म्हणतील मी लपवलं. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते. कोच रहीमसाहेबांनी या स्टॉपरला फॉरवर्डला नेऊन उभं केलं, आणि त्याने सेमीफायनल आणि फायनल दोन्हींत गोल केले. भारताने दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सोनं आणलं. तरी आज साठ वर्षांनंतर जर्नैलचं नाव निघतं ते स्टॉपर म्हणूनच. त्याच संघातला फुलबॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, ओ. चंद्रशेखर मुंबईत कॅलटेक्स कंपनीच्या टीमकडून खेळायचा, हे इथल्या किती पोरांना माहीत असेल कोण जाणे. वांद्र्याच्या मैदानाला नाव मिळालं ते नेव्हिल डिसोझाचं. तो फॉरवर्ड, मेलबर्न ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारलेला, तेव्हा तक्रार नाही.

बारावीचा अभ्यास मात्र सोडू देऊ नका. खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जातो. प्रमाणपत्रं आत्तापासून एका फाइलमध्ये ठेवा.

माझी उंची 5 फूट 7 इंच आहे. स्टॉपर होता येईल का? — वय 16, वसई

होता येईल, पण अवघड आहे. इटलीचा कॅनाव्हारो तुझ्याहून दोनेक इंचच उंच. 2006 ला त्याने वर्ल्ड कप उचलला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑरही घेतला. पण कॅनाव्हारोचं नाव सगळे घेतात ते तसा दुसरा चटकन सापडत नाही म्हणूनच. आपल्याकडच्या क्लबांत समोर बहुधा धिप्पाड परदेशी फॉरवर्ड असतो, आणि कोच टीम लिहिताना कॉर्नरचा विचार आधी करतो.

म्हणून फुलबॅकही शिकून ठेव. भेके राइट बॅकही खेळलाय आणि स्टॉपरही, दोन्ही जागा येणारा माणूस बाकावर कमी बसतो. डावा पाय कामाचा कर. 2019 पासून गोलकिकचा बॉल आपल्याच खेळाडूला पेनल्टी बॉक्सच्या आत घेता येतो, त्यामुळे गोलकीपर बॉल थेट स्टॉपरच्या पायात देतो आणि समोरून दोघे धावून येतात. तिथे उंचीचा काही उपयोग नाही, पायांचा आणि डोक्याचा आहे.

हवेतल्या बॉलसाठी एक गोष्ट आजपासून कर. उंच फॉरवर्डच्या अंगाला चिकटून उभा राहू नकोस, तुझ्याच अंगाचा टेकू घेऊन तो वर जातो. अर्धं पाऊल मागे राहा, थोडं आडवं उभं राहा आणि त्याच्या आधी उडी घे. जिंकला नाहीस तरी त्याला नीट हेडर मारता येणार नाही, आणि उरलेलं काम दुसऱ्या स्टॉपरचं. सोळाव्या वर्षी उंची संपली असंही समजू नकोस.

शाळेच्या फायनलला माझ्याकडून सेल्फ गोल झाला. आम्ही हरलो. मैत्रिणी बोलत नाहीत. — वय 14, माहीम

अगं, स्पेनच्या तिरीची गोष्ट ऐक. 13 मार्च 2021 ला आयएसएलच्या फायनलमध्ये तो मोहन बागानकडून मुंबई सिटीविरुद्ध खेळत होता. टीम 1-0 ने पुढे होती आणि त्याच्याच डोक्याला लागून बॉल स्वतःच्या गोलात गेला. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, मुंबई जिंकली. पुढे तिरीचा गुडघाही गेला. तरी 2023 मध्ये त्याला करारावर घेतलं ते मुंबईनेच, आणि 2024 चा कप मुंबईने मोहन बागानला हरवून जिंकला तेव्हा तो मुंबईच्या संघात होता. ज्याच्या सेल्फ गोलचा फायदा झाला त्यालाच बोलावून घेतलं. फुटबॉलमधली माणसं सेल्फ गोलला किती किंमत देतात ते यावरून समज.

स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळताना बॉल आला तर तो आडवा मारायचा, लाइनच्या बाहेर. कॉर्नर गेला तरी चालेल. आणि मैत्रिणी पुढच्या मॅचला बोलतील, बोलल्याशिवाय डिफेन्स खेळता येत नाही.

वय 23, लेफ्ट बॅक. रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरी लागण्यासारखी आहे. दुसरीकडे बाहेरच्या राज्यातला एक क्लब एका सीझनचा करार देतोय. घरचे नोकरी म्हणतात. — वरळी

मीही नोकरीच म्हणतो. राग आला तर येऊ दे, पण आधी कारण ऐक.

महिंद्रा युनायटेड आपल्या मुंबईची टीम. 2005-06 ला नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, आणि 2010 ला कंपनीने टीम बंद केली. खेळ वाईट झाला म्हणून नव्हे, कंपनीने ठरवलं म्हणून. त्यानंतर 2013 ला एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन टीम आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर गेल्या, कारण क्लबांच्या परवान्याच्या अटींत त्या बसत नव्हत्या. पण इथे फरक बघ. टीम गेली तरी ज्याची कायम नोकरी होती त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला येत राहिला. आणि 2025 च्या जुलैत तर खुद्द आयएसएलच थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं. भारतीय फुटबॉल फेडरेशनबरोबरचा लीग चालवण्याच्या हक्कांचा करार संपत आला होता, पुढचं ठरत नव्हतं. काही क्लबांनी पगार थांबवले. भारताकडून खेळणारी पोरं घरी बसून फोनकडे बघत होती. मग एका सीझनच्या करारावर बाहेर गेलेल्याचं काय होणार?

तू फॉरवर्ड असतास तर कदाचित उलटं सांगितलं असतं, कारण त्यांची वर्षं लवकर संपतात. तू लेफ्ट बॅक आहेस. डावखुरा असशील तर तुझ्यासारखे मुळातच कमी. दोन वर्षं रेल्वेच्या टीमकडून रोज सराव कर, मुंबईची लीग खेळ, राज्यांच्या संघांमधल्या संतोष ट्रॉफीच्या निवडीला उभा राहा. पंचविशीत क्लब परत विचारतो, आणि तेव्हा तुझ्या हातात नोकरी असल्यामुळे भाव तू सांगतोस.

फक्त रुजू होण्याआधी क्रीडा अधिकाऱ्याला स्पष्ट विचार : क्लबने बोलावलं तर सोडता का, बिनपगारी रजा मिळते का, किती काळ? काही ठिकाणी ‘बघू’ म्हणतात आणि मग बघतच राहतात. आणि टीम नावालाच असून वर्षाला चार मॅच खेळत असेल, तर माझा सल्ला विसर आणि क्लबकडे जा. मॅचशिवाय डिफेंडर सडतो.

मुलगा 19 वर्षांचा. एका एजंटने कराराचा कागद आणलाय, ‘दोन दिवसांत सही करा’ म्हणतो. आम्हाला यातलं काही कळत नाही. — एक वडील, कांदिवली

काका, घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. एजंटकडे फिफाचा परवाना आहे का ते आधी विचारा. नसेल तर तिथेच थांबा.

कागदात बघायचं ते असं. करार फिफाच्या नियमाने जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, मूल अठराच्या आतलं असेल तर तीनच. पाच वर्षं ऐकायला गोड वाटतात, पण डिफेंडरचा भाव चढतो तो नेमका तेविशी-पंचविशीत, आणि तेव्हा पोरगा जुन्याच पगारावर अडकलेला असतो. दोन वर्षं मागा. दुखापत झाली तर पगार आणि ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हे वाक्य कागदावर हवं, तोंडी नको. संदेश झिंगनसारख्या भारताच्या डिफेंडरचा 2019-20 चा अख्खा सीझन गुडघ्यापायी गेला. पुढे तो परत आला, अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण नवख्या पोराला असं वर्ष घरी काढावं लागलं तर त्याची फी, फिजिओ, खाणं कोण बघणार?

क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले, तर लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवस थांबायचं, तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार मोडता येतो. फिफाच्या नियमांत हे 2018 पासून आहे. त्यासाठी पगार बँकेतूनच घ्यायचा, हातात रोख नाही. तो ज्या ज्या क्लबकडून खेळला त्या नोंदणीचे कागदही जपा. उद्या परदेशी क्लबने पैसे मोजून त्याला घेतलं तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. तुमच्या गल्लीतल्या क्लबला चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे.

आणि मेडिकल सहीच्या आधी करून घ्या. ‘मेडिकल पास झाला तरच करार लागू’ अशी अट फिफाला चालत नाही, तरी ती घातलेली मी पाहिली आहे. हृदयाची इको तपासणीही करा. अन्वर अली हा आज देशातला नावाजलेला स्टॉपर. 2019 ला मुंबई सिटीने त्याला घेतलं तेव्हा तपासणीत हृदयाचा विकार निघाला. खेळण्यासाठी त्याला दिल्ली हायकोर्टापर्यंत जावं लागलं, पण तो परत खेळला आणि भारताकडूनही खेळला. तपासणीत निघालं म्हणून डॉक्टरांना विचारता तरी आलं.

कागद ओळखीच्या वकिलाला दाखवा. एजंट दोन दिवसांनी निघून गेला तर जाऊ द्या.