पोलीस ठाण्यातील कागद कसे मागावेत?

प्रश्न : आमचे गाव बेळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. चार महिन्यांपूर्वी ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची धडक बसून वडिलांचा मृत्यू झाला. थोरल्या भावाने ठाण्यात फिर्याद दिली. ती कन्नडमध्ये लिहिली गेली आणि आम्हां दोघांनाही कन्नड नीट वाचता येत नसल्याने भावाने नुसती सही केली. भरपाईच्या दाव्यासाठी कागद मागायला गेलो की ‘तपास सुरू आहे’ एवढेच ऐकायला मिळते. अखेर ‘या प्रकरणाची सर्व कागदपत्रे मिळावीत’ असा माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत दिला, तर तो भाषेचे कारण सांगून परत करण्यात आला. आता काय करावे?

उत्तर : वडील गेल्याचे दुःख पाठीशी असताना कागदासाठी ठाण्याचे उंबरठे झिजवावे लागावेत, ही फार कष्टाची गोष्ट आहे. म्हणून सर्वांत उपयोगाचे आधी सांगतो. आपल्याला हवे असलेले बहुतेक कागद माहिती अधिकारात मागण्याचे नाहीतच. आपला भाऊ फिर्यादी आहे आणि आपण सारे मृताचे वारस आहात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘पीडित’ या शब्दात कायदेशीर वारसही येतात. त्या नात्याने जे आपल्याला विनामूल्य मिळायला हवे, त्यासाठी तीस दिवसांची वाट पाहायला लावणारा अर्ज करणे म्हणजे जवळची वाट सोडून वळसा घालणे होय.

प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला ताबडतोब व विनामूल्य द्यावी, असे या संहितेचे कलम १७३ सांगते. तोंडी दिलेली फिर्याद अधिकाऱ्याने लिहून घ्यावी आणि ती फिर्यादीला वाचून दाखवावी, हेही त्याच कलमात आहे. ज्याला कन्नड कळत नाही त्याला ती समजेल अशा रीतीने सांगितली गेली नसेल, तर वाचून दाखवण्याचा हेतूच साधला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ती प्रत आधी हाती घ्या आणि कन्नड जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून शब्दशः वाचून घ्या. अपघाताची वेळ, जागा, दिशा किंवा वाहनाचा क्रमांक चुकला असेल, तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन भावाचा पुरवणी जबाब नोंदवून घेण्याची मागणी करा. हे काम दोषारोपपत्र न्यायालयात जाण्यापूर्वी झालेले बरे, कारण भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचे वकील पहिले बोट याच कागदावर ठेवतात.

ठाण्यात प्रत मिळत नसेल, तर कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे, गुन्हा क्रमांक व वर्ष भरून ती शोधता येते. एफआयआर साधारणपणे चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर चढवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिलेला आहे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत, पण अपघाताचे प्रकरण त्यात येत नाही.

अपघाताच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत. २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे, भरपाई मागणाऱ्याने विहित शुल्क भरून विचारल्यास, वाहनाचा तपशील आणि ते चालवणाऱ्याचे नाव-पत्ता देणे ठाणे प्रमुखावर बंधनकारक आहे. येथे एक बारकावा सांभाळा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंदणी वेगवेगळी असते. म्हणून दोन्हींचे क्रमांक आणि दोन्हींच्या विम्याचा तपशील नावानिशी मागा. गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या परगावी जातात आणि मग त्यांचा माग काढणे अवघड होऊन बसते.

दाव्याची मुदत मात्र नजरेआड होऊ देऊ नका. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे आणि आपले चार महिने आधीच गेले आहेत. सारे कागद जमेपर्यंत थांबू नका. वकिलामार्फत अर्ज दाखल करा, राहिलेले कागद न्यायाधिकरणामार्फत मागवता येतात. वकिलाचा खर्च पेलत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा.

‘तपास सुरू आहे’ या उत्तराकडे आता वळतो. नव्या संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. चार महिने उलटल्यावर आपण हे कलम लिहून अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला व त्यावरच्या अधिकाऱ्याला पाठवावा. वरचा अधिकारी कोण, हे ठाण्यानुसार बदलते. काकतीसारखी शहरालगतची ठाणी बेळगाव पोलीस आयुक्तालयाखाली येतात, तर निपाणी, चिक्कोडी, खानापूर या बाजूची ठाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहेत. बरेच अर्ज चुकीच्या कचेरीत पडून राहतात, ते याच घोटाळ्यामुळे.

दोषारोपपत्र एकदा न्यायालयात दाखल झाले की त्याची प्रमाणित नक्कल तेथूनच काढावी. ते सार्वजनिक दस्त नाही आणि पोलिसांनी ते संकेतस्थळावर टाकण्याचे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले आहे. परंतु वकिलामार्फत उभ्या राहिलेल्या पीडिताला पोलीस अहवालाच्या प्रती विनामूल्य देण्याची तरतूद संहितेच्या कलम २३० मध्ये आहे. घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वाहन तपासणीचा अहवाल त्याबरोबरच हाती येतो.

एवढे करूनही काही राहिले, उदाहरणार्थ आपल्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली, तर तेथे माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडतो. आता भाषेचा प्रश्न, जो आपल्याला आणि मलाही सलतो. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करायचा असतो, आणि कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे. त्यामुळे मराठी अर्ज परत करणाऱ्याच्या हाती कायद्याचा शब्द आहे, हे कबूल केले पाहिजे. तक्रारीचे निवेदन ही वेगळी गोष्ट आहे. गाऱ्हाणे दूर करण्यासाठीचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे, म्हणून पोलीस अधीक्षकांकडे करायची तक्रार आपण निःसंकोच मराठीत लिहावी. माहितीचा अर्ज मात्र हिंदीत करावा. लिपी आपलीच आहे आणि कायद्याने तो नाकारता येत नाही. तरीही कामाच्या दृष्टीने विचाराल, तर लहान ठाण्यात कन्नड अर्ज लवकर वाचला जातो, आणि तालुक्याच्या कचेरीबाहेर तो लिहून देणारे मिळतात. आपल्या भाषेचा आग्रह आणि वडिलांच्या दाव्याची निकड या दोन्ही खऱ्या आहेत, पण आज या अर्जापुरती दुसरी मोठी मानावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

पहिल्या अर्जातील दुसरी उणीव ‘सर्व कागदपत्रे’ या दोन शब्दांत होती. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि सामान्यतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो. गुन्हा क्रमांक, तारीख आणि कागदाचे नेमके नाव लिहा. शुल्क दहा रुपये आहे आणि नकलेला पानामागे दोन रुपये पडतात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. मुदत टळली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते.

नकार आला तर तो लेखी आणि कारणांसह मागा. तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारण्याची मुभा कलम ८(१)(ज) देते, परंतु केवळ तपास चालू असणे हे कारण पुरेसे नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ च्या निकालात सांगितले आहे. कागदाचा एखादाच भाग गोपनीय असेल, तर तेवढा झाकून बाकीचा देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. पहिले अपील ३० दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठाकडे आणि दुसरे ९० दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे करता येते. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो.

प्रश्न : मी कोणत्याही प्रकरणात फिर्यादी नाही. आमच्या भागात वर्षभरात किती चोऱ्या नोंदल्या गेल्या आणि गावात रात्रीची गस्त खरोखर होते का, हे मला विचारता येईल का? कारण सांगावे लागेल का?

उत्तर : विचारता येईल. आपण भारताचे नागरिक असलात की पुरे. कारण विचारण्याचा अधिकार कलम ६(२) ने अधिकाऱ्याला ठेवलेला नाही. फक्त ‘गस्त का होत नाही?’ असा प्रश्न लिहू नका, कारण कायदा उपलब्ध नोंदी देतो, खुलासे नव्हे. जी माहिती संकलित स्वरूपात नाही ती नव्याने तयार करून देण्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून अमुक महिन्याच्या गस्तीच्या नोंदवहीतील आपल्या गावासंबंधीची पाने, अशी मागणी करा, किंवा नोंदी प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा. ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण हवे असेल, तर उशीर करू नका. ते १८ महिने, आणि तशी सोय नसल्यास किमान एक वर्ष जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. अर्जात दिवस, वेळ आणि ठाण्याचा कोणता भाग हे लिहा, आणि ते चित्रण पुसले जाऊ नये अशी विनंती त्याच दिवशी वेगळ्या पत्राने करून ठेवा.