पीएम-उषाचा निधी इमारतीऐवजी प्रत्यक्ष शिकवण्यासाठी वापरता येतो का?

गडहिंग्लज भागातल्या अनुदानित महाविद्यालयात तुम्ही शिकवता आणि पीएम-उषा या केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेचा निधी वर्गातल्या अध्यापनावर कसा खर्च करायचा, असं विचारलंय. करता येतो, पण त्याची तरतूद प्रस्तावातच व्हावी लागते. मंजुरीनंतर खर्चाचं शीर्ष बदलून मागणं फार जड जातं.

रूसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) 2013 साली आली, 2023 मध्ये तिचीच पीएम-उषा (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान) झाली. 2023-24 ते 2025-26 साठी 12,926.10 कोटी रुपये ठेवले गेले. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. महाविद्यालय बळकटीकरणात एका संस्थेला 5 कोटींपर्यंत रक्कम मिळते. रूसाच्या पायाभूत अनुदानात 35 टक्के नवं बांधकाम, 35 टक्के दुरुस्ती आणि 30 टक्के साहित्य अशी वाटणी होती. पीएम-उषात यांच्या जोडीला 'सॉफ्ट कंपोनंट' आहे, म्हणजे बांधकाम-साहित्याबाहेरचा, प्रशिक्षणासारखा खर्च. तुमचं काम तिथे आहे, आणि बहुतेक प्रस्तावांत नेमकं तेच पान सर्वांत पातळ असतं.

तिथे 'शिक्षक प्रशिक्षण, इतके लाख' एवढंच लिहू नका. कोणत्या विषयाचे किती शिक्षक, किती दिवस, त्यानंतर कोणत्या पेपरच्या अध्यापनात काय बदलणार आणि ते कशावरून मोजणार, हे लिहा. समजा प्रथम वर्ष रसायनशास्त्रात मुलं प्रात्यक्षिकात पास होतात आणि लेखीत अडखळतात. मग दर युनिटनंतर छोटी चाचणी, तिच्या प्रश्नपेढीसाठी पाच दिवसांची कार्यशाळा आणि आधीच्या तीन वर्षांचे निकाल, एवढं जोडलं की मागणीला आधार मिळतो. साहित्याची यादी यानंतर करा. आधी इंटरॅक्टिव्ह पॅनेल घेतले आणि देखभाल करार व प्रशिक्षण राहून गेलं, की वर्षभरात त्यांचा साधा फळा होतो. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं, कारण पैसा खर्ची पडतो आणि मुलाच्या वाट्याला काहीच येत नाही.

मालवीय मिशन या केंद्राच्या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरचा 36 तासांचा ऑनलाइन वर्ग मोफत आहे, त्यावर अनुदान मागू नका.

हिशेबात अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बांधकामाचं अंदाजपत्रक खासगी आर्किटेक्टने बाजारभावाने केलेलं असतं, म्हणून तांत्रिक मान्यतेला थांबतं. ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरच करून घ्या. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून करा आणि वस्तू आल्या दिवशीच डेडस्टॉक नोंदवहीत चढवा. अनुदानावरचं व्याज संस्थेचं नसतं, ते परत भरावं लागतं. पैसे कशावर खर्च झाले हे सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-अ नमुन्यात लागतं. ते रखडलं की पुढचा हप्ताही रखडतो.

प्रस्ताव मागवले जातात तेव्हा मुदत थोडी असते. म्हणून यूजीसी कायद्याच्या 2(फ) आणि 12(ब) कलमांखालची मान्यतेची पत्रं, नॅक मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणि आयशे या केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात भरलेली माहिती आजच एका फाइलीत लावा. आयशेतली विद्यार्थिसंख्या आणि प्रस्तावातली संख्या जुळते का, हे आधी पाहा. शंका असेल तर कोल्हापूरच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात विचारा.

तोवर शिवाजी विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेतून तुमच्या महाविद्यालयांच्या समूहात एक कार्यशाळा घ्या. रक्कम लहान असते, पण तिचा अहवाल आणि मुलांचा अभिप्राय मोठ्या प्रस्तावाला पुरावा म्हणून जोडता येतो.