अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन एकदा तापले की संपले?

प्रश्न : माझी १९९७ सालची मारुती एस्टीम अंबा घाटात तापली आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालची सील) गेले. मेस्त्री म्हणतात, ‘अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन, तापले की संपले. मारुती जिप्सीचे सोळा व्हॉल्व्हचे (झडपांचे) इंजिन बसवू.’ गाडी वडिलांची आहे, मोडवत नाही. काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी हेड, म्हणजे इंजिनवरचे झाकण, उतरवून बघा, इंजिन बदलायचे ते नंतर ठरवा. सुझुकीच्या या ‘जी’ मालिकेतल्या इंजिनांवर मी तीस वर्षे हात काळे केले आहेत. त्यांना कचकड्याचे म्हटलेले मला सहन होत नाही. ब्लॉक (इंजिनचा मुख्य भाग) आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, पण पिस्टन ज्यात घासतो ते लायनर (आतल्या नळ्या) ओतीव लोखंडाचेच असतात. अ‍ॅल्युमिनियम हलके आणि उष्णता पटकन सोडणारे. मात्र तापल्यावर ते लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगते. पाणी कमी असताना घाट चढवला की हेड वाकते, ते यामुळे.

हेड स्वच्छ करून त्यावर सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरा. खालून ०.०५ मिलिमीटरचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकले, तर हेड फेसिंगला, म्हणजे यंत्रावर सपाट करायला, द्या. ब्लॉकचा माथाही असाच तपासून घ्या. हे बहुतेक जण विसरतात आणि नवे गॅस्केट महिन्याभरात परत जाते. हेडला तडा आहे का, हे प्रेशर टेस्ट करून बघा. बोल्ट इंजिन गार असताना, मधून बाहेर अशा क्रमाने, टॉर्क रेंचनेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचे. अंदाजाने नाही.

आता जिप्सीचे इंजिन. तुमचे आणि तिचे सख्ख्या भावांसारखे नाते आहे. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर, म्हणून दोन्ही १२९८ सीसी. तुमच्यात कार्ब्युरेटर आणि आठ व्हॉल्व्ह, नंतरच्या एस्टीम-जिप्सींत एमपीएफआय (पेट्रोलचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन) आणि सोळा, पण कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन्हींत एकच. जपानमध्ये १९८६ साली सुझुकीच्याच कल्टस जीटीआय गाडीला याच १२९८ सीसीवर दोन कॅमशाफ्ट दिले होते. फार देखणे काम होते ते! पण जिप्सीत इंजिन लांबीत उभे बसते, एस्टीममध्ये आडवे. माउंटिंग, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळेच वेगळे. सोळा व्हॉल्व्ह हवेच असतील तर १९९९ नंतरच्या एस्टीमचेच शोधा. तेही ईसीयू (इंजिनचा संगणक), वायरिंग आणि पेट्रोल पंपासकट, आरटीओची परवानगी घेऊन. तुमच्या जागी मी हे करणार नाही. वडिलांच्या गाडीचा सूर त्या आठ व्हॉल्व्हमध्येच आहे.

गाडी कशामुळे तापली, हेही शोधा. माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीत वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी भरलेले होते. हेडमधले पाण्याचे मार्ग पांढऱ्या भुकटीने तुंबलेले, आणि ‘आपल्याकडे कशाला लागतो’ म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा प्रवाह सोडणारी झडप) कुणीतरी काढून टाकलेला. रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅट बसवा, पंखा वेळेवर चालू होतो का बघा. पाणी डिस्टिल्ड आणि त्यात कूलंट. हेड उतरलेच आहे तर टायमिंग बेल्टही (कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) बदला. स्पार्क प्लग मात्र इंजिन गार झाल्यावरच काढा, आणि बसवताना पहिले आटे हाताने फिरवा.

पट्टीखाली किती फट निघाली ते मला कळवा.