पहिल्यांदा ‘जस्ट वन’ खेळताना

‘जस्ट वन’ म्हणजे शब्द ओळखायचा खेळ: एकजण ओळखतो, बाकीचे त्याला प्रत्येकी एका शब्दाचा इशारा लिहून देतात, आणि सारखे इशारे बाद होतात. एकाच फोनवर चौघं-पाचजण खेळणार असाल, तर एक गोष्ट आधी ठरवून घे: आधीच्याने काय टाइप केलं, ते पुढच्याला दिसता कामा नये. आम्ही शब्द लिहिला की दहा-बारा वेळा एंटर मारून ओळ वर ढकलतो, मगच फोन पुढे देतो. ओळखणारा पाठ फिरवून बसतो. शेवटचा सारखे शब्द खोडतो.

नवखे इथेच चुकतात. ओळखायचा शब्द ‘पाऊस’ आला की सगळे ‘छत्री’ लिहितात आणि सगळ्या छत्र्या बाद! ‘छत्री’ आणि ‘छत्र्या’सुद्धा एकच धरायचं, त्यावर वाद नको. मनात पहिला आलेला शब्द इतरांच्याही मनात आलाय असं समज आणि एक पाऊल बाजूला जा. ‘बेडूक’ लिही, ‘शेवाळ’ लिही. पण फार लांबही नको. एकदा माझ्या ‘रेडिओ’चा कुणालाच पत्ता लागला नाही, मला मात्र त्यात हवामानाच्या बातम्या ऐकू येत होत्या.

ओळखायची पाळी तुझी असेल आणि खात्री नसेल, तर सरळ ‘पास’ म्हण. डाव 13 कार्डांचा असतो. पासने एकच जातं, चुकीच्या उत्तराने पुढचंही जातं.